क्रूझवरची एलिगंट नाइट: बाबा टाय लावणार नाहीत, मग त्या रात्री जेवायचं कुठे?

निळी_वाट

नमस्कार मंडळी. आमची पहिलीच क्रूझ आहे, सात रात्रींची. आई-बाबा, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. दोन केबिन शेजारी-शेजारी मिळाल्यात, सगळं मनासारखं जुळून आलं होतं आणि काल कंपनीच्या मेलमधली ती लांबलचक माहिती निवांत वाचायला घेतली तर त्यात सातपैकी दोन रात्री 'एलिगंट', म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या, असं दिसलं. मी ते जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. बाबा ७६ वर्षांचे आहेत, मानेचं ऑपरेशन झालंय, गळ्याशी काहीही आवळलेलं त्यांना सहन होत नाही, शर्टाचं वरचं बटणसुद्धा ते लावत नाहीत. ते एवढंच म्हणाले, त्या दोन रात्री मी खोलीत जेवेन, तुम्ही सगळे जा. आई लगेच म्हणाली मग मीही थांबते.

ही ट्रिपच मुळी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत म्हणून ठरवली, आणि लग्नाचा वाढदिवस येतोय सहाव्या रात्री, म्हणजे बहुतेक दुसऱ्या एलिगंट नाइटलाच. त्या दिवशी दोघं खोलीत मांडीवर ट्रे घेऊन बसलीयेत हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मला कसंतरीच होतं.

तर प्रश्न असे की हे कपड्यांचे नियम खरंच पाळले जातात का, दारात कोणी अडवतं का? सूट-टाय नसेल तर त्या रात्री चांगलं जेवण मिळतच नाही का? जादा पैसे देऊन जी वेगळी रेस्टॉरंट्स असतात तिथे हा प्रश्न सुटतो का? आणि मुलासाठी वेगळं काही घ्यावं लागतं का? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, नेटवर वाचून वाचून डोकं भणभणलंय, एक म्हणतो काही लागत नाही, दुसरा म्हणतो टक्सिडोशिवाय, म्हणजे त्या काळ्या पार्टी सूटशिवाय, आत घेत नाहीत.

डेक_सात

निळी_वाट ताई, नेटवर वाचलेलं दोन्ही खरं आहे, फक्त ते दोघं वेगवेगळ्या जहाजांवर गेले होते. लाइन, म्हणजे क्रूझ कंपनी, कोणती ते लिहिलं नाहीत, ते आधी लिहा. तोवर मला जे माहितीये ते सांगतो, अकरा क्रूझ झाल्यात, त्यातल्या सहा वयस्कर आईला घेऊन, त्यामुळे तुमची काळजी कळतेय.

पहिली गोष्ट, ड्रेसकोड अख्ख्या जहाजाला लागू असतो असं समजू नका. तो ठराविक दारांना लागू असतो आणि तोही संध्याकाळनंतर. दिवसभर कोणी तुमच्या कपड्यांकडे बघत नाही. संध्याकाळी मेन डायनिंग रूम, म्हणजे ते मोठं रेस्टॉरंट जिथे वेटर टेबलावर आणून वाढतात, तिथे नियम असतो. वरच्या डेकवरचा बुफे त्याच वेळी चालू असतो आणि तिथे साध्या कपड्यात जाता येतं. म्हणजे उपाशी कोणीच राहत नाही, प्रश्न फक्त कुठल्या दाराने आत जायचं एवढाच.

आता लाइनप्रमाणे. सगळ्यात कडक म्हणाल तर क्युनार्ड, म्हणजे क्वीन मेरी २ वगैरे जहाजं. तिथे संध्याकाळी सहानंतर नियम सुरू होतो आणि गाला इव्हनिंग, म्हणजे खास नटायची रात्र, असेल तर पुरुषांना टक्सिडो किंवा गडद सूट, बायकांना गाउन किंवा तसाच भारी ड्रेस, आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालतो, आणि त्या रात्रींना थीमसुद्धा असतात, कधी ब्लॅक अँड व्हाइट, कधी मास्करेड म्हणजे मुखवटे, कधी रेड अँड गोल्ड. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क असा सात रात्रींचा प्रवास त्या जहाजावर मी केलाय, दोन गाला होत्या, आणि खरंच सगळं जहाज नटलेलं होतं. पण तिथेसुद्धा ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी बुफे, पब, कसिनो अशा जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात.

दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन. त्यांनी फ्रीस्टाइल नावाने ही सगळी बंधनंच काढून टाकली, सक्तीची फॉर्मल नाइट नाहीच, ज्याला हौस त्याने नटावं. वायकिंगच्या समुद्रावरच्या जहाजांनाही फॉर्मल नाइट नाही. सेलिब्रिटीने २०१५ च्या शेवटी फॉर्मल हा शब्द काढून 'इव्हनिंग चिक' आणलं. त्यात पुरुषाने नीट पँट आणि कॉलरचा शर्ट घातला तरी पुरतं, जॅकेट ऐच्छिक. व्हर्जिनच्या जहाजांवर टाय वगैरे काही नाही पण एक स्कार्लेट नाइट असते, सगळे लाल कपड्यात. अर्थात ती फक्त मोठ्यांसाठीची लाइन आहे, तुमच्या मुलाला नेता येणार नाही.

तुम्ही 'एलिगंट' शब्द लिहिलाय त्यावरून मला वाटतंय कार्निव्हल असावी. तसं असेल तर तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटला, पण आधी कन्फर्म करा मग लिहितो.

उशिराची_बैठक

दारात अडवतात का, तर हो अडवतात, मी डोळ्यांनी बघितलंय आणि आमच्याच माणसाला. जहाजाचं नाव घेत नाही कारण त्यांचं काही चुकलं नव्हतं आणि थोडं चुकलंही होतं, सांगते.

माझा भाऊ, वय ४८, उंचापुरा माणूस. आमची जेवणाची वेळ रात्री आठची. दिवसभर बंदरावर फिरून आलो, बोटीने परत यायला उशीर झाला, बाकीच्यांनी धावपळ करून कपडे बदलले आणि हा गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स तशीच ठेवून वर फक्त इस्त्रीचा शर्ट चढवून आला, म्हणाला टेबलखाली कोण बघतंय. दाराशी एक मुलगी उभी होती, हातात टॅब्लेट, पंचविशीची असेल, प्रत्येकाला हसून नावाने आत सोडत होती. याच्याकडे बघून तिचं हसू तसंच राहिलं पण ती अर्धं पाऊल बाजूला सरकली, म्हणजे दाराच्या मध्ये आली, आणि म्हणाली सर, लांब पँट घालून याल का, तुमचं टेबल मी धरून ठेवते. आवाज अगदी हळू. पण मागे तीस माणसं रांगेत, आणि पुतणी बारा वर्षांची, तिने बापाचा हात सोडला आणि ती नुसती कार्पेटकडे बघत राहिली. भाऊ वळला आणि निघाला, आम्हाला वाटलं बदलून येईल, अर्धा तास वाट बघितली, सूप आलं, गेलं, तो आलाच नाही, वर बुफेत जाऊन जेवला. त्या मुलीने टेबल शेवटपर्यंत धरलं होतं, खुर्चीसमोर नॅपकिन तशीच घडी करून ठेवलेली.

मला राग कशाचा आला तर आमच्या पुढच्या टेबलावर एक गृहस्थ शॉर्ट्स घालून बसलेले होते, बहुधा गर्दीत सुटले असतील. नियम असेल तर सगळ्यांना सारखा हवा. पण निळी_वाट, तुमच्यासाठी यातलं महत्त्वाचं हे की ज्यावर अडवतात त्या गोष्टी ठरलेल्या आहेत. संध्याकाळी शॉर्ट्स, बिनबाह्यांचा बनियनसारखा टॉप, पोहण्याचे कपडे, रबरी चपला, कॅप, फाटकी जीन्स. टाय नाही म्हणून कुणाला परत पाठवलेलं मी तरी माझ्या चार ट्रिपांत एकदाही बघितलं नाही. तुमच्या बाबांसारखा माणूस नीट पँट-शर्टात दाराशी आला तर कोणी मध्ये येणार नाही, क्युनार्डसारखी लाइन नसेल तर.

पोर्टहोल

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. बाबा नको म्हणतायत तर त्यांना त्या डायनिंग रूममध्ये न्यायचंच कशाला? फॉर्मल नाइटला मी आणि बायको मुद्दाम वर बुफेत जातो. सगळे खाली नटून गेलेले असतात, एरवी जिथे प्लेट घेऊन टेबल शोधत फिरावं लागतं तिथे खिडकीजवळचं टेबल आरामात मिळतं, बाहेर सूर्य मावळत असतो, स्टाफलाही बोलायला वेळ असतो. आमच्या दोघांची समुद्रावरची सगळ्यात सुंदर संध्याकाळ अशीच झाली. आणि मला मनापासून वाटतं की माणसाने रोज एका नियमात राहायचं आणि सुट्टीवर पण कोणीतरी सांगणार काय घाला, हे बरोबर नाही. एक सूट, त्याचे बूट, बायकोचा लांब ड्रेस, त्याच्या सँडल्स, एवढ्यात अर्धी बॅग जाते, आणि ती सगळी दोन संध्याकाळींसाठी विमानातून न्यायची.

लग्नाचा वाढदिवस आहे म्हणता तर पाचव्या किंवा चौथ्या रात्री साजरा करा, तारीख पुढेमागे झाली तर काय बिघडलं.

उशिराची_बैठक

पोर्टहोल, पन्नासाव्याची तारीख पुढेमागे नाही हो करायची. बाकी बुफेचं पटलं.

मेरिंग

पोर्टहोल दादांचं बाकी सगळं मान्य करूनही एक सांगायलाच हवं, फॉर्मल नाइटला फक्त कपडे वेगळे नसतात, जेवणही वेगळं असतं, आणि ते कोणी आधी सांगत नाही. बऱ्याच लाइन्सवर लॉब्स्टर त्याच रात्री असतो, बीफ वेलिंग्टनसारखे पदार्थ त्याच रात्री, आणि बुफेत ते सगळं येईलच असं नाही. म्हणून कपड्यांच्या भीतीने ती रात्र सोडू नका, निदान मेनू बघून मग सोडा, मेनू बहुतेक लाइन्सच्या ॲपवर आधी दिसतो.

आणि बेक्ड अलास्का. मला यावर लिहायचंच होतं. आत आइस्क्रीम, खाली केक आणि वरून अंड्याच्या पांढऱ्याचं आणि साखरेचं मेरिंग, आणि ते सगळं कडक गरम ओव्हनमध्ये जातं. मेरिंगमध्ये फेटून फेटून हवा भरलेली असते, ती हवा उष्णता आत जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेरून तपकिरी होतं आणि आतलं आइस्क्रीम घट्ट राहतं. जुन्या क्रूझ जहाजांवर शेवटच्या एक-दोन रात्रींत याची मिरवणूक निघायची, दिवे मंद करायचे, सगळे वेटर एका रांगेत डोक्याच्या वर तबकं धरून पेटलेला अलास्का घेऊन टेबलांमधून जायचे आणि लोक नॅपकिन हवेत गोल फिरवायचे. आता आगीच्या धोक्यामुळे खऱ्या ज्वाळेऐवजी बहुतेक ठिकाणी बॅटरीचे दिवे लावतात आणि काही लाइन्सनी मिरवणूक बंदच केली.

मी ती बघितली तेव्हा आमचा वेटर, जो सहा दिवस आम्हाला अगदी हलक्या आवाजात 'अजून पाव देऊ का' विचारायचा, तो त्या रांगेत तिसरा होता. तबक दोन्ही हातांनी वर, मनगटं किंचित थरथरत होती कारण ते वजनदार असतं, जहाज डावीकडे कललं तसे सगळे रांगेतले एकदम डावा पाय रुंद टाकून सावरले, एकही तबक हललं नाही, आणि आमच्या टेबलाजवळून जाताना त्याने माझ्या सासूबाईंकडे बघून मान हलवली. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांनी नॅपकिन इतक्या जोरात फिरवला की तो शेजारच्या टेबलावर जाऊन पडला. त्यांना त्या ट्रिपमधली बंदरं आठवत नाहीत, हे आठवतं.

जादा पैशांच्या रेस्टॉरंटबद्दल विचारलंत, त्यांना स्पेशॅलिटी रेस्टॉरंट म्हणतात, स्टेकहाउस, इटालियन, सुशी वगैरे. माणशी ठराविक रक्कम किंवा पदार्थाप्रमाणे पैसे. शांत असतं, टेबलं लांब लांब असतात, वाढदिवसाला छान. पण कपड्यांची सुटका तिथे होईल असं धरू नका, स्टेकहाउसला बहुतेक ठिकाणी लांब पँट आणि कॉलर लागतेच. आणि शेफ्स टेबल म्हणून एक प्रकार असतो, थोड्याच लोकांना घेतात, आधी जहाजाचं स्वयंपाकघर दाखवतात, मग सात-आठ कोर्स, प्रत्येकाबरोबर वाइन. तो तीन-तीन तास चालतो, तुमच्या मुलाला आणि बाबांच्या मानेला तेवढं बसणं झेपणार नाही म्हणून मी तरी सुचवणार नाही.

कुणाला काही पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर बुकिंगमध्ये आत्ताच लिहून टाका आणि पहिल्या रात्री हेड वेटरला परत सांगा. मग तो रोज रात्री उद्याचा मेनू आणून दाखवतो आणि तुमची ऑर्डर आदल्या दिवशीच घेतो. बिनमिठाचं, ग्लुटेन नसलेलं सगळं करतात, फक्त आयत्या वेळी सांगून होत नाही.

निळी_वाट

बापरे, एवढं सविस्तर, सगळ्यांचे मनापासून आभार. हो डेक_सात दादा, कार्निव्हलच आहे. आणि उशिराची_बैठक, तुमच्या पुतणीचं वाचून पोटात कालवलं, बाबांच्या बाबतीत मला नेमकी हीच भीती वाटतेय. ते एकदा दारातून परत फिरले तर पुढचे सगळे दिवस ते बाहेरच पडणार नाहीत, मी ओळखते त्यांना.

डेक_सात

मग ऐका. कार्निव्हलच्या एलिगंट नाइटला पुरुषांसाठी त्यांनीच लिहिलंय की ड्रेस पँट आणि ड्रेस शर्ट, जॅकेट घातलंत तर छान, सूट-टाय-टक्सिडो घालायची हौस असेल तर जरूर घाला. म्हणजे टाय हा नियमच नाही, आमंत्रण आहे. बाबांनी गडद रंगाची नीट पँट, लांब बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण उघडं, पायात बंद बूट, एवढं केलं की ते शंभर टक्के नियमात बसतात. त्यांना हे तुम्ही तोंडाने सांगू नका, कंपनीच्या पानावरचं ते वाक्य उघडून फोन त्यांच्या हातात द्या. माझी आई माझं ऐकत नव्हती, छापलेलं वाचल्यावर ऐकलं.

सात रात्रींच्या ट्रिपला दोन एलिगंट असतात हे बरोबर. आणि त्या कुठल्या रात्री ठेवतात याला कारण असतं. पहिल्या रात्री सहसा ठेवत नाहीत कारण बॅगा उशिरा केबिनपर्यंत पोचतात, लोकांकडे बदलायला कपडेच नसतात. शेवटच्या रात्रीही नाही, कारण तेव्हा बॅग भरून दाराबाहेर ठेवायची असते, स्टाफ त्या रात्रीतून खाली नेतो. ही चाल जुन्या लाइनर जहाजांपासूनची आहे, तेव्हाही पहिल्या आणि शेवटच्या रात्री कोणी नटत नसे. मग मधल्या रात्रींतून शक्यतो ज्या दिवशी जहाज बंदराला न लागता दिवसभर समुद्रात असतं तो दिवस निवडतात, म्हणजे लोकांना तयारीला वेळ मिळतो. तुमच्या इटिनररीत 'सी डे' कुठे आहेत बघा, सहावा दिवस सी डे असेल तर तुमचा अंदाज बरोबर निघणार.

आणि एक करा. जहाजावर चढल्या चढल्या, पहिल्याच दुपारी, डायनिंग रूमच्या मेत्र दी ला भेटा, म्हणजे तिथला मुख्य. त्याला सांगा सहाव्या रात्री पन्नासावा वाढदिवस आहे, बाबांना मानेचा त्रास आहे, भिंतीकडचं टेबल हवं जिथे मान वळवून बघावं लागणार नाही, आणि दारापासून फार चालावं लागू नये. ते लिहून घेतात. जेवणाची वेळ ठरलेली घेतली असेल तर रोज तेच टेबल आणि तेच वेटर मिळतात, त्याचा फायदा असा की सहाव्या रात्रीपर्यंत बाबांची त्यांच्याशी ओळख झालेली असते, दारातला माणूसही ओळखीचा असतो. सध्या तुमचं मोकळ्या वेळेचं बुकिंग असेल तर बदलून सहाची बैठक मिळतेय का विचारा, मुलासाठी पण बरं, आठची म्हणजे गोड येईपर्यंत दहा वाजतात आणि पोरं टेबलावर झोपतात.

जाता जाता. ही नटायची चाल आपल्याला आज ओझं वाटते पण तिच्यामागची जुनी गोष्ट मला फार आवडते. १९२७ ला सुरू झालेली इल द फ्रान्स आणि नंतर १९३५ ची नॉर्मंडी, या फ्रेंच जहाजांवर पहिल्या वर्गाची डायनिंग रूम अशी बांधली की आत शिरणारा प्रत्येक माणूस मोठ्या जिन्यावरून खाली उतरत येणार, सगळ्यांच्या नजरेसमोर. नॉर्मंडीची ती रूम सुमारे ९३ मीटर लांब होती. जहाजाचा मधला भाग अडवून एवढी लांब खोली, एकही खिडकी नाही, सगळा उजेड काचेच्या दिव्यांचा. कित्येक दिवस आजूबाजूला नुसतं पाणी, मग लोकांनी जेवणालाच त्या दिवसाचा कार्यक्रम केला. मी दर क्रूझला एक रात्र आईला हात धरून जिन्यावरून उतरवतो, लिफ्ट असली तरी. तिला पाच मिनिटं लागतात, चालतं.

पोर्टहोल

डेक_सात, हे जिन्याचं माहीत नव्हतं. माझं मत बदललं असं नाही म्हणणार, पण निळी_वाटच्या बाबांना टाय लागत नसेल तर माझा विरोधही उरत नाही. फक्त त्यांना खरंच जायचंय का ते एकदा त्यांना एकट्याला विचारा, सगळ्यांसमोर नको. सगळ्यांसमोर माणूस 'तुम्ही जा' असंच म्हणतो.

गुंडाळी_पद्धत

सामान कसं न्यायचं त्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, मी दर वेळी फक्त केबिन बॅग घेऊन जाते.

इस्त्री घरून नेऊ नका, कपड्यांची इस्त्री आणि स्टीमर दोन्ही आगीच्या धोक्यामुळे जहाजावर बंद, चढताना स्कॅनमध्ये सापडली तर काढून घेतात आणि उतरताना परत देतात. कार्निव्हलच्या बऱ्याच जहाजांवर डेकवर छोटी लॉन्ड्री असते, पण एलिगंट नाइटच्या संध्याकाळी पाचला तिथे रांग लागते, म्हणून सकाळीच जा. नाहीतर शर्ट हँगरला लावून बाथरूममध्ये टांगा, दार बंद, गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं. वाफेने घड्या सुटतात. केबिनची बाथरूम एवढीशी असते त्यामुळे वाफ पटकन भरते.

बाबांचा तो एक शर्ट आणि पँट मोठ्या बॅगेत देऊ नका, हातातल्या बॅगेत ठेवा. बॅग हरवते असं नाही पण उशिरा येते, आणि त्यांच्या मनात आधीच धाकधूक आहे. शेवटच्या रात्री बॅग बाहेर ठेवताना दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आणि बूट बाजूला काढल्याशिवाय चेन लावू नका, सगळं पॅक करून झोपणारे लोक दर ट्रिपला निघतात, मग नाइट ड्रेसवर उतरतात.

मुलासाठी वेगळं काही घेऊ नका, कॉलरचा शर्ट आणि लांब पँट बस झालं, शाळेच्या कार्यक्रमाला घालतो तेच. आईंसाठी, आणि तुमच्यासाठीही, टाचेच्या चपला अजिबात नको. जहाज हलतं तेव्हा ते डोळ्यांना दिसत नाही, पायाला कळतं, आणि वयस्कर माणसाचा पाय मुरगळला तर पुढची सगळी बंदरं गेली. आणि शाल किंवा पातळ जॅकेट हातात ठेवा, डायनिंग रूममध्ये एसी फार गार असतो, मानेच्या दुखण्याला तर नक्की लागेल. बाबांना गळ्याशी आवळलेलं चालत नाही म्हणालात तर मऊ शाल खांद्यावरून सोडली तरी उबदार राहतं आणि दिसतंही छान.

तुमची क्रूझ कॅरिबियनची असेल तर अजून एक, मुलाचे लष्करी छापाचे, तो हिरवा-तपकिरी ठिपक्यांचा, तसे कपडे असतील तर घरीच ठेवा. बार्बाडोस, जमैका अशा बऱ्याच बेटांवर सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांनासुद्धा. जहाजावरून उतरण्याआधीच सांगतात, पण मग बदलायला परत वर जावं लागतं.

मेरिंग

फोटोचं राहिलं. एलिगंट नाइटला जिन्याजवळ आणि लॉबीत पडदे लावून फोटोग्राफर उभे असतात. काढून घ्यायला पैसे नाहीत, प्रिंट घेतली तरच. पन्नासाव्याचा आई-बाबांचा दोघांचाच एक काढा, जेवणाच्या आधी काढा. जेवणानंतर रांग असते आणि वयस्कर माणसं दमलेली असतात.

निळी_वाट

अपडेट देते. पोर्टहोल दादांनी सांगितलं तसं काल रात्री बाबांना एकट्यांना गाठलं, बाल्कनीत बसले होते. कंपनीचं ते पान उघडून फोन हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग विचारलं, म्हणजे गळा उघडा चालतो? मी हो म्हटलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की खरी अडचण टायची नव्हतीच, ऑपरेशनचा व्रण दिसतो, एवढ्या नटलेल्या लोकांत सगळे तिकडेच बघतील असं वाटत होतं. मला हे माहीतच नव्हतं. दोन वर्षांत ते एकदाही बोलले नाहीत.

मग शालीचं सांगितलं. ते गुंडाळी_पद्धत ताईंचं लिहिलेलं वाचूनच दाखवलं. म्हणाले आईची ती राखाडी शाल आहे ना, ती चालेल का. चालेल म्हटलं. आज सकाळी बघते तर कपाटातून काळी पँट काढून खुर्चीवर ठेवलेली, कंबर सैल करायला द्यायचीये म्हणाले.

सहाची बैठक मिळाली, फोन करून बदलून घेतली. सहावा दिवस सी डेच आहे. भिंतीकडच्या टेबलाचं चढल्यावर लगेच बघते. डेक_सात दादा, एकच विचारायचं राहिलं, तो जिना साधारण किती पायऱ्यांचा असतो आणि दोन्ही बाजूंना कठडा असतो का?

डेक_सात

जहाजाप्रमाणे बदलतं, पण मी गेलो त्या सगळ्यांवर दोन्ही बाजूंना कठडा होता आणि मध्ये थांबायला रुंद पायरी होती. पहिल्या दिवशी दुपारी, जिना रिकामा असताना, बाबांना एकदा वरून खाली चालवून आणा. आईंना उजव्या हाताला ठेवा, म्हणजे डावा हात कठड्याला मोकळा राहील.